दोनशे दिवसांचे अण्णा

गणपतीला अण्णा, म्हणजे माझे वडील, मुंबईहून आले की पहिल्या संध्याकाळी एक प्रश्न ठरलेला असायचा. पडवीत बसून चहा पिता पिता ते मला जवळ बोलवायचे आणि विचारायचे, "खंयच्या यत्तेत असंस तू?" मी यत्ता सांगायचो. ते म्हणायचे, "बरा." मग बशीतला उरलेला चहा माझ्यापुढे सरकवायचे. शिमग्याला आले तर शिमग्यालाही तेच. एकदा एकाच यत्तेत असताना गणपतीला आणि शिमग्याला असं दोनदा विचारलं, तेव्हा मला राग आला. होतो तिसरीत, मुद्दाम "चौथीत" म्हणून सांगितलं. अण्णा म्हणाले, "बरा."

माझ्या वयाच्या चारचौघांत हे सांगितलं की लोक हसतात आणि मग आपापल्या वडिलांचं काढतात. कोणाचे तापट, कोणाचे अबोल, कोणाच्या चपलांचा आवाज आला की घरातला रेडिओ बंद. जूनमधल्या तिसऱ्या रविवारी तर मोबाईलवर वडिलांचा पूर येतो. त्यात एक नारळ हमखास असतो: वडील म्हणजे नारळ, वरून कठीण, आतून गोड. आम्ही कोकणातली माणसं. नारळ आम्हाला जरा जास्त माहीत आहे, आणि खवट निघालेले नारळही. या उपमेचा मला मनापासून कंटाळा आला आहे. वडील असे होते कारण त्यांचा पिंडच तसा होता, असं एकदा ठरवून टाकलं की पुढे विचारायला काही उरत नाही.

माझं म्हणणं असं की वडिलांचा स्वभाव म्हणून आपण जो काही आठवतो, त्यातला बराचसा स्वभाव नसतोच. तो कामाच्या पाळीचा, रजेचा आणि जागेचा हिशोब असतो. आणि हिशोब असेल तर तो बदलता येतो. निदान त्यावर भांडता तरी येतं.

आधी माझाच मांडतो. गणपतीचे दहा-बारा दिवस, शिमग्याचे पाच-सहा, एखाद्या वर्षी मे महिन्यात भावकीतलं लग्न असेल तर आणखी तीन-चार. वर्षाला वीस धरा. माझा जन्म १९७२चा. १९८२च्या जानेवारीत गिरणी संप झाला. म्हणजे माझ्या पहिल्या दहा वर्षांत अण्णा मला दोनशे दिवस भेटले. सात महिनेसुद्धा नाहीत. त्यातले सुरुवातीच्या दोन-तीन वर्षांतले दिवस मला आठवणं शक्य नाही, आणि उरलेल्यांतले निम्मे ते वाडीतल्या आरत्यांत, भजनात आणि सामाईक जमिनीच्या भांडणांत असायचे. इतक्या दिवसांत कोणाला मुलाची यत्ता पाठ होईल?

अण्णा परळच्या एका गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. राहायला लालबागच्या चाळीत गावकीची, म्हणजे गावच्या लोकांची सामाईक, खोली. दहा बाय बाराची एक खोली आणि तिच्यात पंधरा-वीस माणसं. ती मावायची ती केवळ पाळ्या वेगवेगळ्या होत्या म्हणून. पहिली पाळी सकाळी सातची, दुसरी साडेतीनची, तिसरी रात्री बाराची. रात्रपाळीवाला परत यायचा तेव्हा सकाळचा माणूस भोंग्याबरोबर गेलेला असायचा, त्याच्या जागेवर हा आपली पथारी टाकायचा. जेवण खानावळीत, सामान ट्रंकेत आणि ट्रंक फळीवर. गोव्याच्या लोकांची धोबीतलावच्या बाजूला कूड असायची, तिथला कारभार थोडा वेगळा, पण बायकोमुलं गावाला ठेवून मुंबईत जागा वाटून घेण्याची गोष्ट तीच. कुटुंब आणायचं तर जागा नाही आणि ठेवायचं तर बाप नाही, या दोहोंतून त्या माणसांनी निवड केली होती. निवड कसली म्हणा. गिरणीला कामगार हवा होता, त्याचं घर नको होतं. त्याची बायको, मुलं, म्हातारे आईबाप आणि शेवटी खोकत परत आलेला तो स्वतः, यांना सांभाळायचा खर्च गावाच्या शेतीने उचलला. कोकणाला मनिऑर्डरवर जगणारा मुलूख म्हणायची पद्धत आहे. खरं तर मुंबईही कोकणावर जगत होती, पण त्याची पावती कोणी फाडली नाही.

मनिऑर्डर हा शब्द आता माझ्या मुलीला समजावून सांगावा लागतो. फॉर्मच्या तळाशी एक पट्टी असायची, संदेशासाठी चार ओळींची जागा. पोस्टमन पैसे मोजून द्यायचा आणि ती पट्टी फाडून आईच्या हातात ठेवायचा. अण्णांचा मजकूर असा असे: "रु. १५० पाठविले. पोरांस सांभाळणे. गाईस पेंड घालणे. पावसाचे कळविणे." काही महिने गाय आधी यायची आणि पोरं नंतर. आई त्या पट्ट्या देवाच्या कोनाड्यात एका तारेला अडकवून ठेवायची. मी वाचायला शिकलो तेव्हा शाळेच्या पुस्तकानंतरचं माझं दुसरं वाचन ते होतं. आजही मी कोणाला निरोप लिहितो तेव्हा माझी वाक्यं तशीच तुटक येतात. बायको म्हणते, तुझं प्रेमपत्रसुद्धा तलाठ्याच्या नोटिशीसारखं होतं. वडील आपल्याला घडवतात असं लोक म्हणतात, तेव्हा त्यांच्या मनात संस्कार, शिस्त, विचार असलं काहीतरी मोठं असतं. मला मात्र पोस्टाच्या फॉर्मवरच्या चार ओळींच्या जागेने घडवलं.

त्याच परळात, त्या आधी सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी, एका खोलीत आणखी एक बाप राहत होता. रामजी सुभेदार, बाबासाहेब आंबेडकरांचे वडील. खोली एवढी लहान की घरात हालचाल सुरू असताना मुलाला अभ्यास करणं अवघड. बाबासाहेबांच्या चरित्रात नोंद आहे की रामजी मुलाला लवकर झोपायला लावत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागत, मग त्याला उठवून अभ्यासाला बसवत आणि त्याच्या जागेवर आपण आडवे होत. गावकीच्या खोलीतली पाळी तीच, फक्त इथे ती बापलेकांत लागलेली. हे थोरपण आहे, त्यात शंकाच नाही. पण मला त्यातलं दुसरंही दिसतं. रामजी लष्करातून निवृत्त झालेले, पेन्शनीत होते. तुटपुंजी का असेना, पेन्शन होती. सकाळी सातला त्यांना भोंगा गाठायचा नव्हता, म्हणून रात्रीचे दोन त्यांच्या हातात होते.

हेच रामजी काही वर्षांपूर्वी, १९०१च्या सुमाराला, खटाव तालुक्यात गोरेगावला खजिनदाराच्या नोकरीवर होते. दुष्काळी कामावर तलाव खणला जात होता, तिथे. मुलं साताऱ्याला. सुटीत मुलं त्यांना भेटायला आगगाडीने मसूर स्टेशनवर उतरली, तर न्यायला कोणी नाही. पत्र पोचलं होतं, पण ते रामजींच्या हातात पडलंच नव्हतं. पुढे स्टेशनमास्तराने आणि गाडीवाल्यांनी त्या मुलांशी जे केलं, ती अस्पृश्यतेची हकीकत आहे आणि तिला बापलेकांच्या गोष्टीत विरघळवून टाकायची माझी इच्छा नाही. मी एवढंच पाहतो की बाप तोच, माया तीच. नोकरी लांबची असली की स्टेशनवर तो दिसत नाही.

आता भाषेकडे या, कारण मराठीने हा हिशोब व्याकरणातच बसवून टाकला आहे. आईला 'ए', वडिलांना 'अहो'. आई 'तू', वडील 'तुम्ही'. एका ताटातल्या दोन माणसांना मूल दोन वेगळ्या अंतरांवरून हाक मारतं आणि त्यात कोणाला काही विचित्र वाटत नाही. माझ्या घरी तर त्याहून पुढची गोष्ट. माझे काका वडिलांना अण्णा म्हणत, म्हणून मीही अण्णा म्हणू लागलो. म्हणजे मी बापाला बाप म्हणून हाक कधी मारलीच नाही, काकांनी मारलेली हाक उचलली. एकत्र कुटुंबात वाढलेल्या हजारो लोकांचे वडील असेच 'दादा', 'भाऊ', 'नाना', 'तात्या' आहेत. त्यात आणखी वडीलधाऱ्यांसमोर स्वतःचं पोर उचलायचं नाही हा दंडक. आजोबा ओटीवर बसलेले असताना अण्णांनी मला कडेवर घेतलं असतं तर ते आगाऊ ठरले असते. पुतण्याला घेतलेलं चालायचं. त्यामुळे माझ्या लहानपणी मला कडेवर घेणारा पुरुष म्हणजे धाकटा काका, आणि त्याच्या मुलांना खांद्यावर बसवून जत्रेला नेणारे अण्णा. माझ्या चुलतभावाकडे माझ्या वडिलांच्या माझ्यापेक्षा चांगल्या आठवणी आहेत. आम्ही अजून त्यावरून एकमेकांना चिडवतो, मी जरा कमी हसतो.

माझी मुलगी मला "ए बाबा" म्हणते. नातेवाइकांत सुरुवातीला कुजबुज झाली, आता कोणाला काही वाटत नाही. शहरी घरांत ही गोष्ट गेल्या वीस-पंचवीस वर्षांत सर्रास झाली आणि आपण तिच्यावर खूष आहोत: बघा, आमच्या पिढीने अंतर मिटवलं. मला शंका आहे. सर्वनाम बदलायला काही खर्च येत नाही. संध्याकाळी साडेसहाला घरी यायचं तर येतो.

इथे माझ्याच वयाचे मित्र मला अडवतात. म्हणतात, अंतर होतं म्हणून धाक होता, धाक होता म्हणून आपण शिकलो, माणसात आलो. हल्लीची पोरं बापाच्या मांडीवर बसून फोन बघतात. या युक्तिवादाचा एक दोष असा की तो नेहमी माणसात आलेली माणसंच करतात. माझ्याबरोबर शाळेत चाकरमान्यांची कितीतरी मुलं होती. धाक सगळ्यांनाच होता. त्यातले बरेच दहावीला गचकले आणि त्याच गावकीच्या खोलीत बापाच्या जागेवर पथारी टाकायला गेले. आणि मुळात तो धाक कोणाचा होता? पाण्याला उतरलो, आंबे पाडले, शाळा बुडवली की आई म्हणायची, "अण्णांका कळवतंय हां!" अण्णा मुंबईत. पत्र जाऊन उत्तर यायला दोन आठवडे. आईने एकदाही कळवलं नाही, तारेवरच्या पट्ट्यांत माझ्या एकाही उचापतीचा उल्लेख नाही. लावणी तीच करायची, सोसायटीचं कर्ज तीच काढायची, माझा हात मोडला तेव्हा मला घेऊन एसटीने तीच गेली. धाक तिचाच होता. फक्त खाली सही अण्णांची असायची.

मग आला संप. १८ जानेवारी १९८२. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर, साठ गिरण्या बंद, संपाचे पुढारी दत्ता सामंत यांचं नाव घराघरात. अण्णा फेब्रुवारीत गावी आले. आम्हाला वाटलं शिमग्यासाठी लवकर आले. शिमगा झाला, पाडवा झाला, अण्णा होतेच. रोज पहाटे सहाला उठून तोंड धुऊन तयार व्हायचे आणि मग कुठे जायचं ते न कळून पडवीत बसून राहायचे. दुकानात उधारी वाढली. गाय विकली. मे महिन्यात एकदा जेवताना मी विचारलं, "अण्णा, तुम्ही परत कधी जाणार?" दर वर्षी विचारायचो तसंच, त्यात काही नव्हतं. आईने उष्ट्या हाताने माझ्या थोबाडीत मारली. अण्णा ताटावरून उठले, विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसले आणि अंधार पडेपर्यंत तिथेच होते.

मी इथे मुद्दाम थांबतो, कारण माझा हिशोब इथे मलाच अडचणीत आणतो. वेळ हवा, वेळ हवा म्हणताना हा घ्या वेळ. दिवसाचे चोवीस तास बाप घरात. आणि माझ्या लहानपणातली सगळ्यात वाईट वर्षं तीच. खिशात पैसे नसलेल्या माणसाचा वेळ पोरांच्या वाट्याला येत नाही, तो त्याच्याच अंगावर येतो. गिरणगावात तर त्या काळात बाप घरी बसल्यामुळे काय काय झालं, दारूच्या गुत्त्यांपासून गँगमध्ये गेलेल्या पोरांपर्यंत, ते मुंबईने पाहिलं आहे. संप कधी रीतसर मागेही घेतला गेला नाही, तो नुसता विरत गेला. त्यामुळे 'बापाने मुलांना वेळ द्यावा' असा उपदेश ऐकला की मला तो अर्धा वाटतो. पगारी वेळ म्हणा. जो संपल्यावर कामावर परत घेतील याची खात्री असते तो वेळ.

तरीही त्या जून महिन्यात एक गोष्ट झाली. गावची शाळा चौथीपर्यंत. पुढच्या गावातल्या हायस्कुलात नाव घालायला अण्णा मला घेऊन गेले, पाच किलोमीटर चालत, एका इरल्यात दोघं. ऑफिसातल्या गुरुजींनी चष्म्यावरून माझ्याकडे बघून विचारलं, "कितवीत रे?" मी तोंड उघडायच्या आत अण्णा म्हणाले, "पाचवीत." मला आठवतं, मी त्यांच्याकडे मान वळवून बघितलं होतं. आमच्या घराने त्या संपात काय घालवलं ते मला माहीत आहे, आणि माझ्या वाट्याला काय आलं तेही.

तीन वर्षांनी अण्णा मुंबईला परत गेले, वॉचमन म्हणून. पाळी बारा तासांची.

ही पाळी गेलेली नाही. मुंबई-पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या गेटवर रात्री आठला रजिस्टरमध्ये सही करणारा माणूस बघा, सकाळी आठपर्यंत तो तिथेच असतो. कसाऱ्याहून सीएसएमटी सव्वाशे किलोमीटरच्या घरात. पहाटेची लोकल धरणारा बाप निघतो तेव्हा मुलं झोपलेली, परततो तेव्हाही झोपलेली. त्या भागात रविवारच्या बापाची पिढी वाढते आहे, आणि चाळीशीत ती म्हणेल की आमचे वडील फार अबोल होते. आयटीतला बाप घरूनच काम करतो, पण अमेरिकेच्या घड्याळावर, बंद दाराआड. पोराला सांगितलेलं असतं की दार वाजवायचं नाही. बीडकडच्या ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाची उचल घेतली की दिवाळीच्या आसपास दोघं निघतात, फडावर चार-सहा महिने. मागे राहिलेलं पोर आजीकडे किंवा हंगामी वसतिगृहात. तिथे तर बापाबरोबर आईसुद्धा जाते.

आणि कायदा काय म्हणतो? १९५६च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने मुलाचा नैसर्गिक पालक म्हणून पहिला मान बापाला दिला, 'त्याच्यानंतर' आई. त्या 'नंतर'चा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली सैल केला, पण बापाचं पहिलं आसन कागदावर राहिलंच. महाराष्ट्रात मधलं नाव बापाचं. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आता आईचं नाव त्याच्या आधी येतं, ते उशिरा का होईना, बरं झालं. म्हणजे हक्क, नाव, वारसा यांत बाप सगळीकडे हजर. बाळाच्या पाळण्याशी मात्र कायद्याला तो दिसतच नाही. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली, पहिल्या दोन मुलांसाठी आईची पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे केली. चांगलं केलं. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सक्तीचं केलं, तेही चांगलं. त्या पाळणाघरात दिवसातून चार वेळा जायची मुभा कायद्याने कोणाला दिली? आईला. बाप त्याच इमारतीत काम करत असला तरी बाळ रडतंय म्हणून उठून जायची सोय त्या कलमात नाही.

केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना १५ दिवसांची पितृत्व रजा आहे, तीही दोन मुलांपर्यंत. खासगी नोकरीत देणं न देणं मालकाची मर्जी. २०१७ मध्येच हिंगोलीचे खासदार राजीव सातव यांनी लोकसभेत खासगी, म्हणजे सरकारचं नसून खासदाराने स्वतः आणलेलं, विधेयक मांडलं होतं. तीन महिन्यांपर्यंत पितृत्व रजा, आणि ती असंघटित कामगारांनाही. स्वातंत्र्यापासून अशी खासगी विधेयकं मोजून चौदा मंजूर झाली, शेवटचं १९७० साली, त्यामुळे या विधेयकाचं जे व्हायचं ते झालं. सातव २०२१ मध्ये कोविडनंतरच्या गुंतागुंतीने गेले. मराठवाड्यातल्या एका खासदाराला हा विषय महत्त्वाचा वाटला होता, हे मराठी वर्तमानपत्रांनी जेवढं लावून धरायला हवं होतं तेवढं धरलं नाही.

उलट रजेवर चर्चा झाली ती क्रिकेटमुळे. २०२० च्या डिसेंबरात ॲडलेडच्या कसोटीत ३६ धावांत संघ कोसळला आणि कप्तान कोहली बायकोच्या पहिल्या बाळंतपणासाठी घरी परतला. केवढा गदारोळ! लगेच गावसकरांचा दाखला. १९७६ साली रोहनचा जन्म झाला तेव्हा ते न्यूझीलंड आणि मग वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर होते, मुलाचं तोंड पाहिलं ते काही महिन्यांनी. 'देश आधी' म्हणून लोकांनी हे अभिमानाने सांगितलं. गावसकरांनी स्वतः कोहलीच्या रजेवर आक्षेप घेतला नव्हता, पण दाखला देणाऱ्यांना त्याचं काय. मला त्यात माझ्या गावच्या ओटीचाच आवाज आला: वडीलधाऱ्यांसमोर पोर उचलू नये.

माझ्या मते तीन महिन्यांची पगारी, बापाच्याच नावाची रजा कायद्याने यायला हवी. 'बापाच्याच नावाची' हे महत्त्वाचं. नॉर्वेने १९९३ मध्ये आणि स्वीडनने १९९५ मध्ये रजेचा काही भाग बापासाठी राखून ठेवला, त्याने घेतली नाही तर ती बुडते, आईच्या खात्यात जात नाही. त्याआधी स्वीडनमध्ये वीस वर्षं रजा होती, पण आईबापात वाटून घ्यायची. ती बहुतेक आयाच घेत. बापांना कायद्याने परवानगी होती, साहेबाने आणि सासूने दिलेली नव्हती. वॉचमन आणि ऊसतोड कामगार यांच्यासमोर अशा रजेचं नाव काढणं ही आज थट्टा होईल, हे मला कळतं. त्यांच्यासाठी आधी आठ तासांचा दिवस खरा व्हायला हवा, फडाजवळ शाळा हवी, परवडणारी भाड्याची खोली कामाच्या जवळ हवी. पण याला मी वेगळा प्रश्न मानत नाही. लालबागच्या खोलीत अण्णांना चार भिंती मिळाल्या असत्या तर आमच्या घराला कुठल्याच रजेची गरज नव्हती.

एक आक्षेप मात्र मी खिशात बाळगून फिरतो, तो माझ्या बायकोचा आहे. ती म्हणाली, तीन महिने नवरा घरी म्हणजे बाळंतिणीने आणखी एका माणसाचा चहा टाकायचा. खोटं नाही ते. २००४ मध्ये आमची मुलगी झाली तेव्हा मी चार दिवस किरकोळ रजा टाकली होती, आणि त्यातले दोन मी पाहुण्यांना स्टेशनवरून आणण्यात घालवले. लंगोट बदलायला मी शिकलो तो सासूबाई गावी परत गेल्यावर, नाइलाजाने. पण शिकलो, हेही तितकंच खरं. तीन महिन्यांत नाइलाज जरा जास्त वेळा होतो.

हे सगळं लिहिणारा मी एका खासगी कंपनीत खातेप्रमुख आहे. सहा वर्षांपूर्वी माझ्या हाताखालचा एक मुलगा केबिनमध्ये आला. साताऱ्याकडचा, हुशार, मान खाली घालून बोलणारा. बायकोला मुलगा झाला होता, ती माहेरी होती, त्याला महिनाभर जायचं होतं. महिनाअखेर जवळ आलेली, ऑडिट डोक्यावर. मी त्याला बसवलं, पाणी दिलं, अभिनंदन केलं आणि म्हटलं, "महिनाभर तू करणार काय तिथे? तिची आई आहे ना? एक आठवडा पुरे की." हे मी म्हटलं. अण्णांच्या मुलाने. त्याने वाद घातला नाही, अर्जातला आकडा तिथेच खोडून सात केला आणि मी सही केली.

सातव्या दिवसाचीही वाट न बघता तो सहाव्या दिवशीच हजर झाला. कंदी पेढ्यांचा मोठा खोका आणला होता, सगळ्या टेबलांवर फिरवला. माझ्याकडे आला तेव्हा मी दोन घेतले.